अंगणापेक्षा मोठे मेज

साहेबरावांच्या अंगणात एक गोल मेज आहे आणि ते त्यांच्या अंगणात मावत नाही.

मोताळ्याच्या सुताराने ते सागवानी मेज बैलगाडीत घालून आमच्या गावी आणले, तेव्हा ते दारातून आत जाईना. अंगणात ठेवले, तर त्याचा अर्धा भाग हद्दीच्या दगडांवरून पलीकडे, धाकट्या भावाच्या म्हणजे पुंडलिकाच्या अंगणात गेला. सुताराचे माप चुकले, असे साहेबराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते परत पाठवावे असे कोणी सुचवले, की त्यांना ऐकू येत नसे.

या मेजाचे मूळ मात्र पॅरिसमध्ये आहे. पुंडलिकाची कन्या वैशाली तेथील एका आंतरराष्ट्रीय धोरणकेंद्रात काम करते. दर रविवारी ती वडिलांना फोन करते आणि त्यानंतर मोठ्या बाबांना, म्हणजे साहेबरावांना. वाटणी झाल्यापासून दोघा भावांत एक शब्दही नाही. तरी हद्दीच्या दोन्ही बाजूंना तोच आवाज आळीपाळीने ऐकू येतो.

ते केंद्र श्रीमंत राष्ट्रांनी स्थापले, असे वैशाली सांगते. पुढे आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेतील विकसनशील देशही त्याच्या मंडळावर येऊन बसले. तेथे कर्ज मिळत नाही, अनुदान मिळत नाही. एखाद्या देशाचा अभ्यास करायचा तो त्या देशाच्या लोकांना सोबत घेऊन. एकाला काय साधले, दुसऱ्याचे काय फसले, हे सर्वांनी एका गोल मेजाभोवती बसून ऐकायचे आणि मग आपापल्या घरी जाऊन आपली धोरणे ठरवायची. पाठशाळेत आम्हाला शिकवले होते, की जिंकण्यासाठी नव्हे तर तत्त्व जाणण्यासाठी केलेले बोलणे तोच खरा वाद. समुद्रापलीकडे कोणी त्यासाठी इमारत उभारली आहे, हे ऐकून माझे हात आपोआप जोडले गेले.

गावाने मात्र हात जोडले नाहीत. एका कापूस व्यापाऱ्याने साहेबरावांना सरळ विचारले, "पैसा भेटत नाही, तं मंग ते देश तिथं जातेत कायले?"

"इचाराले जातेत," साहेबराव म्हणाले.

आणि रविवारच्या सायंकाळी त्यांचे स्वतःचे केंद्र सुरू झाले. नियम त्यांनीच घातले. प्रत्येकाने बसायला आपल्या घरून काहीतरी आणायचे; त्यामुळे मेजाभोवती खुर्ची, स्टूल, पाट आणि एक उलटे घमेलेही असे. ज्याची जमीन सर्वांत थोडी, त्याने आधी बोलायचे. ज्याची सर्वांत जास्त, त्याने केवळ प्रश्न विचारायचे. मी तटस्थ निरीक्षक. मला तोंड उघडण्याची परवानगीच नव्हती. आयुष्यभर प्रवचने केलेल्या माणसाला याहून कठीण व्रत कोणी सांगितले नसेल.

संत्र्याची मोठी बाग असलेले एक गृहस्थ पहिल्याच बैठकीत एका कोरडवाहू शेतकऱ्याला म्हणाले, "तू बियाणं काऊन बदलत नाही बे? बदललं तं मरशील काय?"

साहेबरावांनी बराच वेळ विचार करून निर्णय दिला, "हा सल्ला हाये. शेपटीले प्रश्न बांधला म्हून काय झालं."

सल्ला देण्याची खोड खरे तर त्यांचीच. कोणी सोयाबीनविषयी बोलू लागले, की त्यांचे ओठ थरथरत. मग ते खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून धरीत. बघणारे हसत. मी हसत नसे, कारण वाटणीच्या दिवशी मी तेथे होतो. विहिरीचे शेत साहेबरावांकडे आले आणि वरचे हलके रान पुंडलिकाकडे गेले. धाकटा काही बोलू पाहत होता. तेव्हा थोरल्याने चारचौघांत त्याला थांबवले होते, "तुले शेतीतलं काय समजते? मी सांगतो तसं कर." पुंडलिकाने तसे केले. पण त्यानंतर तो त्यांच्याशी बोलला नाही.

बैठका चालू राहिल्या. मेजाची पलीकडली बाजू रिकामीच राहिली.

चैत्र संपता संपता पुंडलिकाच्या कारभारणीने आपल्या बाजूच्या अर्ध्या मेजावर धुतलेले लुगडे पसरून कुरडया वाळत घातल्या. बैठकीची मंडळी रागावली. साहेबराव मात्र आनंदले. "राहू द्या," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा सभासद होण्याचा अर्ज हाये, गुरुजी." त्या आठवड्यात त्यांनी मेजाच्या आपल्या बाजूलाही कोणाला टेकू दिले नाही, कुरडया मोडतील म्हणून.

त्याच सुमारास बाजाराच्या दिवशी मोताळ्यात तो सुतार भेटला. एवढ्या मोठ्या कामात माप कसे चुकले, असे मी सहज विचारले. तो दुखावला. म्हणाला, "माप कायचं चुकते, गुरुजी? सायेबरावनं सुतळी आणली होती. आपल्या उंबरठ्यापासून भावाच्या उंबरठ्यापरेंत ताणलेली. म्हने, मधात बसन असं कर."

मी हे कोणालाच सांगितले नाही. निरीक्षकाला बोलण्याची परवानगी नव्हतीच.

पुढल्या रविवारी बैठक भरात असताना पलीकडचे दार उघडले. पुंडलिक टोपले घेऊन कुरडया गोळा करायला आला होता. तो खाली मान घालून एकेक कुरडई उचलू लागला. साहेबराव उठून उभे राहिले. दुपट्टा तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावरून खाली आला.

"पुंडलिक," ते म्हणाले, "औंदा इहिरीच्या वावरात काय पेराव बा? तुले काय वाट्टे?"

त्या वावरात काय पेरायचे हे साहेबरावांनी आजवर कोणालाही विचारले नव्हते. मी मनातल्या मनात नामस्मरण करू लागलो.

पुंडलिकाने उरलेल्या कुरडया टोपल्यात घातल्या, लुगड्याची घडी केली आणि तो घरात गेला. दार मात्र उघडेच राहिले. साहेबराव त्या दाराकडे पाहत तसेच उभे होते.

थोड्या वेळाने पुंडलिक बाहेर आला. त्याच्या हातात आपल्या घरचा पाट होता.

"पयले खाली तं बस, दादा," तो म्हणाला. "असं उभ्यानं इचारतेत काय?"