भिमाजीचा अर्थिंगचा खड्डा

बायको नवसाबाई रुसून येवल्याला माहेरी गेली, हे भिमाजीनं गावात कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, ताप आलाय, घरात पडून आहे. एवढीशी थाप. पण थाप मारून वर माणसानं खड्डा खणू नये, हे त्याला कोण सांगणार?

रुसण्याचं कारण विहिरीवरची मोटार. चांदवडच्या कांद्याच्या मळ्यात स्टार्टरची पत्र्याची पेटी खांबाला लटकलेली, आणि हात लावला की करंट. अर्थिंगची तार भिमाजीनं मुरमात ठोकलेल्या खिळ्याला गुंडाळली होती (खिळाही गंजका). नवसाबाई म्हणायची, नीट अर्थिंग करा. हा म्हणायचा, घरी मीटरपाशी केलंय की! आता घर कुठं, विहीर कुठं. मधे दोन शेतं आणि एक ओढा. पण भिमाजीच्या मते अर्थिंग म्हणजे आडनाव, एकदा लागलं की सगळ्या घराला पुरतं.

रोज बटण दाबायला मात्र नवसाबाई जायची, अनवाणी, चिखलातून. एके दिवशी झटका बसून ती बांधावर पडली. भिमाजी म्हणाला, "तू घाबरतीस, म्हणून लागतो." तिनं पिशवी भरली. निघताना एवढंच म्हणाली, "विहिरीला तिचं स्वतःचं अर्थिंग झालं की निरोप धाडा."

स्वतःच्या हातच्या भाकरी खाऊन (त्यांना भाकरी म्हणणं हा ज्वारीचा अपमान होता) भिमाजी लवकरच ताळ्यावर आला. मोटार दुरुस्तीवाल्याला विचारून आला: विहिरीजवळ पुरुषभर खड्डा घ्यायचा, त्यात लोखंडी पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा, वरून रोज पाणी ओतायचं. मजूर लावला तर बायको का गेली ते सांगावं लागणार, म्हणून पठ्ठ्या एकटाच खणत बसला.

शेजारच्या मळ्यातून सहादू बघत होता. घरधनीण दिसेना, आणि भिमाजी एकटाच खड्डा घेतोय, बाजूला खडेमिठाचं अख्खं पोतं. आपल्याकडं मेलेलं ढोर पुरतानाही खड्ड्यात मीठ घालतात. सहादूनं गाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटील आले, मागं निम्मं गाव, डोळ्याला पदर लावलेल्या बाया. भिमाजी भरल्या खड्ड्यावर कळशीनं पाणी ओतत होता, त्यानं तर घोटाळा आणखीच वाढला.

"खड्ड्यात काय हाय?" पाटलांनी विचारलं.

"अर्थिंग."

"आन् नवसाबाई?"

"येवल्याला गेलीय."

"काल तर तापानं पडली होती नव्हं?"

आता थाप गळ्याशी आली. पाटलांनी खड्डा उकरायला लावला.

उकरताना बायांचं बोलणं कानावर पडत होतं. त्या पेटीनंच जीव घेतला बिचारीचा. किती झटके खाल्ले तिनं, माझ्यापाशी रडली होती. भिमाजीचं फावडं थांबलं. नवसाबाई मेली यावर गावाचा चटकन विश्वास बसला होता. कशानं मेली हेही कुणाला विचारावं लागलं नव्हतं. ती कधीही मरू शकते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, एक नवरा सोडून. खड्ड्यात बसून तो ढसाढसा रडला. तो रडतोय म्हटल्यावर बायांची खात्रीच पटली, आणि वर आकांत सुरू झाला.

शेवटी पाइप निघाला. तेवढ्यात बांधावरून नवसाबाई आली. बातमी रात्रीच पाव्हण्यांच्या फोनाफोनीतून येवल्याला पोचली होती, आणि स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून, उलटा फोन केला तर कोण विश्वास ठेवणार म्हणून, ती पहिल्या एसटीनं निघाली होती. तिनं गर्दी बघितली, खड्डा बघितला, मिठानं माखलेला नवरा बघितला.

"लय आधी करायला पायजे होतं," भिमाजी म्हणाला. "चुकलं माझं."

तिचे डोळे भरले. मातीला आलेल्या लोकांनीच मग खड्डा पुन्हा भरला, पाणी ओतलं, तार आवळली. नवसाबाई पुढं झाली, डोळे मिटले आणि पेटीवर अख्खा तळहात ठेवला. काहीच झालं नाही. भिमाजीची छाती फुगली. गावाकडं वळून तो पक्क्या कामाबद्दल चार शब्द सांगू लागला.

"लाइट गेलीय सकाळपासनं," सहादू म्हणाला.

नवसाबाईनं सावकाश हात काढला.

"आल्यावर पहिला हात तुमचा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी हितंच बसते."

गावही तिच्याबरोबर बसलं. दुपारी लाइट आली तेव्हा भिमाजी घरी रबरी चपला शोधत होता.