इंगळेकाकांनी गाडी तपासली

आमच्या अमरावतीच्या गल्लीतले इंगळेकाका बॅटरीची चव घेतात. चौकोनी सेल जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अजून आठ दिवस जाते." मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात उभा जन्म गेला त्यांचा, अंदाज सहसा चुकत नाही.

म्हणून जुनी इलेक्ट्रिक कार पाहायला त्यांनी मला अकोल्याला सोबत नेलं, तेव्हा मला एकच धास्ती होती.

कार एका डॉक्टरीणबाईंची होती. बाई रंग दाखवत होत्या, सीटा दाखवत होत्या. काकांनी मागितला बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट. शिवाय वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, हेही लेखी हवं होतं. बाईंनी दोन्ही कागद दिले. काकांनी ते दोनदा वाचून घडी घातली.

"कागद ठीक आहे म्याडम. आता करंट काय म्हन्ते ते पाहू."

मग गाडी घरच्या प्लगला लागली. केबल तापते का, हे काका दर दहा मिनिटांनी हात लावून पाहत होते. जेवणाची वेळ झाली तरी उठेनात, तेव्हा बाईंनी आम्हाला पानं वाढली. जेवून काका म्हणाले, आता फास्ट चार्जिंगही पाहू. तेही पाहिलं. चार्जिंग पुरं झाल्यावर ते म्हणाले, गाडीत वजन पाहिजे. दुपारच्या झोपेतून उठवलेले बाईंचे यजमान आणि खुद्द बाई मागे बसले. एसी फुल ठेवून आम्ही अकोटला गेलो आणि कुठंही न उतरता परत आलो. प्रत्येक गावाला किती टक्के उरले, ते मी वहीत लिहीत होतो. यजमान कुडकुडत होते. शेवटी बाईंनी विचारलं, रोज इतकं फिरणं असतं का तुमचं?

"नाही जी," काका म्हणाले. "अचलपूरले जाऊन वापस आलं पाहिजे. तिथं चार्जिंगले जागा नाही."

गाडी ठरली. पुढच्या रविवारी आम्ही अचलपूरला निघालो. काका, काकू आणि मागे मी. ऑपरेशननंतर काकूंना डिझेल-पेट्रोलचा वास सोसत नव्हता. एसटीच्या पायरीवरूनच त्या मागे फिरायच्या. अचलपूरची बहीण काठी घेऊन चालणारी. दोन वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या.

आसेगावच्या पुढे काकूंचा डोळा लागला. काकांनी गाडी आणखी हळू घेतली.

बहिणीच्या दारात पोचलो. ती काठी टेकत बाहेर आली, हाक मारणार तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं. काच थोडी खाली करून ते कुजबुजले, "झोपू द्या. लय दिवसानं अशी झोपली."

बहिणीनं घरातून खुर्ची मागवली, गाडीला लागूनच मांडली आणि काकूंकडे पाहत बसून राहिली.