सतराव्या प्लॉटचे करंट

स्वस्ति. यॉर्कशायर सुभ्यात थॉर्नबी गावी, रेल्वेच्या रुळांमागे, भाड्याच्या भाजीवाफ्यांचा जो मुलूख आहे, तेथील सतराव्या प्लॉटावर जी घनघोर मोहीम जाहली, ती साद्यंत लिहून ठेवणे आम्हांस प्राप्त आहे, कारण आम्ही अठराव्यावर कांदे लावतो आणि सर्व प्रकार कुंपणावरून जातीने पाहिला. पदरचे घातले असेल तर आमच्या कांद्यांस कीड लागो.

प्लॉटाचे मूळ धनी कैलासवासी स्टॅन्लीसाहेब हार्ग्रीव्ज. त्यांनी करंट नामे बारीक आंबट फळाची सात झुडपे लाविली, आणि दरसाल काळी फळे जॅमास व लाल फळे रविवारच्या मटणावरील जेलीस घरी रुजू करीत. ते तीन वर्षांमागे निवर्तले, आणि त्यांचे कुटुंब मॉडबाईसाहेब यांचा पाय इकडे वळेना, मग काटेरी वेलींनी मुलूख मारिला आणि झुडपांत जुन्या फांद्यांचे ऐसे रान माजले की लोक म्हणो लागले, नावाचे करंट ते नशिबाचेही करंटेच निघाले. ते समयी कमिटीच्या सेक्रेटरी बेरिलबाई हेग यांचे फर्मान सुटले की, जुलैच्या पाहणीत झुडपांवर फळ न दिसल्यास प्लॉट खालसा होऊन वाट पाहणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या इसमास दिला जाईल. मॉडबाईंनी पत्र वाचिले आणि कपातला चहा निवू दिला. त्या प्रांती याउपर शोक नाही.

मग फेब्रुवारीचे दुसरे शनिवारी बाईंनी कैची घेऊन कूच केले. एकविसाव्याचे क्लिफर्डसाहेब ऑगडन करवतीनिशी बिनबोलावता दाखल जाहले. या सरदारांचा लौकिक ऐसा की, अक्कल बेताची आणि सल्ला बहुत.

“अगं मॉड, काळ्या करंटाला दयामाया नाही. सगळं मुळापासून उडव, पुढच्या वर्षी बघ कसं फुटतं!”

“पुढच्या वर्षी प्लॉट कुणाचा, तुझ्या बापाचा? मला या जुलैत फळ पाहिजे.”

बहुत घासाघीस होऊन तह ठरला की, जाड जुन्या फांद्या तेवढ्या जमिनीलगत माराव्या आणि कोवळ्यांस अभय द्यावे, कारण काळे करंट गेल्या सालच्या कोवळ्या फांदीवर फळते. परंतु लाल करंटाचा कायदा उलटा. ते जुन्या लाकडावर फळते, जुने गेले की त्या साली मटण कोरडेच. आणि सातांत एक लाल होते खास, पण कोणते? पाट्या सातही स्टॅन्लीसाहेबांच्या हातच्या, आणि सातांवर ‘काळे करंट’ हेच. रोपे काळी म्हणून आणली, पुढे एक लाल निघाले, तेव्हा पाटी बदला म्हणून बाईंनी शंभरदा टोकले, तर साहेबांचा एकच जबाब, “झाडाला ठाऊक आहे आपण कोण ते.” फळ तोडणे साहेबांचे खाते, बाईंनी नुसती पातेली पाहिलेली, आणि भर हिवाळ्यात झुडपांवर पान नाही.

“पाटीवर लिहिलंय ना? मग झालं तर!” ऐसे म्हणोन क्लिफर्डसाहेबांनी सहा मारून सातव्यास करवत लाविली.

इतक्यात बाईंस आठवले की, छाटणीचे दिवसांत साहेब घरी येत तेव्हा कोटास काळ्या करंटाचा घाण वास मारी, आणि आपण दारातच विचारीत असू, कुठल्या बोक्याच्या मांडीला मांडी लावून बसला होतास? बाई ओरडल्या, “थांब मेल्या!” आणि गुडघे चिखलात टेकून पहिल्या झुडपाचा डोळा नखाने खरवडून हुंगिला. बोका. दुसऱ्याचा हुंगिला. बोका. ऐसे सहा बोके गणले. सातव्याचा हुंगिला, तो नुसते ओले लाकूड. पुन्हा हुंगिला. मग त्याच फांदीस धरून बाई तेथेच रडल्या, आणि क्लिफर्डसाहेबांनी करवत पाठीमागे लपविली. आम्हीही कांद्यांकडे पाहू लागलो.

सातव्याची फक्त गर्दी काढून मध्यभाग वाटीसारखा मोकळा केला, जुने लाकूड राखिले. मग सर्वांस शेणखत घातले, आणि मे महिन्यात कबुतरांची फौज चालून आली तेव्हा निजण्याच्या खोलीचे जाळीचे पडदे झुडपांवर चढवून बाईंनी गनिमास हात हालवीत परत पाठविले.

जुलैच्या पाहणीस बेरिलबाई वही घेऊन आल्या. पडदा उचलला, तो सहा झुडपांवर काळी फळे बेताची, आणि सातव्यावर लाल घोस इतके की फांदी जमिनीस टेकली. सेक्रेटरींनी वहीत ‘प्लॉट कायम’ ऐसे लिहून वर हुकूम केला, “पाटी तेवढी बदला हं. लाल झाडाला काळं म्हणणं नियमात बसत नाही.”

क्लिफर्डसाहेब लागलीच पाटी उपटू गेले. मॉडबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारिली.

“राहू दे. झाडाला ठाऊक आहे.”

येणेप्रमाणे सतरावा प्लॉट फत्ते जाहला, करंटांचे करंटेपण गेले, आणि त्या रविवारी मटणावर तीन वर्षांनी लाल जेली पडली. पंक्तीस क्लिफर्डसाहेब होते, आम्हीही होतो. बाईंनी पाने तीन वाढिली, आणि जेली चार बशांत.