कुल्याशच्या सासूचे डूल

२००१ साली, बर्फ वितळायच्या सुमारास, कुल्याशने राउशनच्या कानांत डूल घातले. आमच्या कझाकस्तानात, ताल्दीकोर्गानकडे मुलाच्या आईने मुलीच्या कानांत डूल घातले की सोयरीक पक्की, आणि तिने ते काढून परत घेतले की मोडली. हे डूल टपोरे, चांदीचे, कुल्याशला तिच्या सासूने घातलेले. सासू जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी दर शुक्रवारी कुल्याश तिच्या नावाने सात पोळ्या तळून शेजारी वाटायची. एक शुक्रवार चुकला नव्हता.

आठवड्यात राउशनचे कान लाल झाले, मग पाझरू लागले. डूल काढायची सोय नव्हती. आई झौरेश कानांना लोणी चोळी आणि म्हणे, "लग्न लागेपर्यंत दम धर गं. मग काढ नि पुरून टाक."

लोण्याने भागेना, तेव्हा ती लेकीला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने कानाकडे ओझरतं पाहिलं आणि रक्त काढायला सांगितलं. कागद आला. रक्तात घोड्याच्या केसांविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर.

"इसब आहे. घोड्यांची अ‍ॅलर्जी," तो म्हणाला. "घोड्यांपासून लांब राहा."

कुल्याशकडे चाळीस घोड्या होत्या.

बातमी तिच्या घरी पोचायला एक दिवस लागला. ती आली ती बूट न काढताच आत शिरली.

"विहीणबाई, घोडी सोसत नाही अशी पोर माझ्या साबितच्या गळ्यात बांधताय? आणि सांगायचंही नाही?"

"सोसत नाही म्हणजे? तीन वर्षांची असल्यापासून घोड्यावर बसतेय ती. तुमच्याच घोड्यांना काहीतरी झालंय."

"माझ्या घोड्यांना?"

"नाहीतर कुणाला? माझ्या घोड्यांना?"

झौरेशने तिथल्या तिथे लेकीचे डूल काढले, रुमालात बांधले आणि टेबलावर ठेवले. कुल्याशने रुमालाला हात लावला नाही.

"मोडायची असेल तर मी मोडीन. मुलाकडचे आम्ही आहोत," म्हणून ती निघून गेली.

रुमाल खिडकीत पडून राहिला. कुल्याशने तो उचलला असता तर सोयरीक मोडली असती, म्हणून दोन्ही घरं नुसती धुमसत होती. राउशन मात्र त्या तरुण डॉक्टरवर इतकी चिडली, की रोज साबितकडे जाऊन त्याच्या घोडीवर बसू लागली. नवव्या दिवशी ती दोन्ही आयांसमोर उभी राहिली.

"बघा कान. बरे झाले. घोडी तीच आहे."

मग राउशनने डुलांचा रुमाल घेतला आणि तिघी जुन्या डॉक्टर फातिमा दौलेतोव्नांकडे गेल्या. त्यांनी आधी विचारलं, "लहानपणी कोपरांना, गुडघ्यामागे खाज यायची?"

"यायची," झौरेश म्हणाली.

"ती प्रतिपिंडं त्या लहानपणच्या इसबासोबतची. खरीच आहेत. पण कानाचं इसब दुसऱ्या जातीचं. त्यात त्यांचा हात नाही, रक्तात कितीही शोधा. ते पाठीवर निरनिराळ्या धातूंची, रसायनांची पट्टी लावून कळतं."

दोन दिवसांनी पट्टी काढली, तर निकेलच्या जागी लाल चकंदळ उठलेलं. डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या बोळ्यावर औषधाचा थेंब टाकून डूल पुसला. बोळा गुलाबी झाला.

"निकेल."

"माझ्या सासूची चांदी आहे ती," कुल्याश म्हणाली.

"सासू तुमची असेल. चांदी नाही."

 कुल्याशने सावकाश डोक्याचा रुमाल सोडला. तिच्या कानाच्या पाळ्या काळ्या पडलेल्या, भेगाळलेल्या.

"एकोणतीस वर्षं," ती म्हणाली. "म्हातारी म्हणायची, नव्या सुनेला घरची हवा सोसत नाही, बाळंतपण झालं की जाईल. पाच बाळंतपणं झाली. गेल्या महिन्यात डूल हिला दिले आणि खाज थांबली. मला वाटलं, वय झालं."

झौरेश हसली नाही. तिने विहिणीचा रुमाल परत नीट बांधून दिला.

लग्न शरदात झालं. डूल सोन्याचे. राउशन आज तीन मुलांची आई आहे, आणि घोडीला खरारा करताना अजून शिंकते. साबित तेवढ्यापुरता खरारा स्वतः घेतो. तो तरुण डॉक्टर अल्माटीला जाऊन मोठा डॉक्टर झाला. फातिमा दौलेतोव्ना गेल्या, तेव्हा कुल्याशने त्यांच्याही नावाने पोळ्या तळल्या, सात. झौरेश मरेपर्यंत आल्यागेल्याला कापसाच्या बोळ्याची गोष्ट सांगायची.

सासूच्या नावाने मात्र कुल्याश तेव्हापासून सहाच तळते. कुणी विचारलं तर ताट पुढे करून म्हणते, "सातवी आहे की. तिची चांदी होती, तशी."