सिंकखालची युती

विधानसभेच्या निकालात दोन्ही पक्षांना अगदी सारख्या जागा मिळाल्या आणि उरलेल्या एका जागेवर अपक्ष प्लंबर निवडून आला. तो जिकडे जाईल त्यांचं सरकार. राज्यपालांनी दुपारी बारापर्यंत मुदत दिली होती. सकाळी दहाला हा प्लंबर स्वतःच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा पडून पाइपाचा नट काढत होता.

"आधी हा जोड बसवा," बायकोने बजावलं होतं. "मंत्री झाल्यावर तुम्ही कुठले सापडताय!"

नट हातात आला आणि बेल वाजली. एका पक्षाचे मिशीवाले अध्यक्ष दारात होते.

"या, या! जरा हा पाइप दाबून धरा. सोडू नका हं, मेन व्हॉल्व्ह गंजलाय, पाणी बंदच होत नाही. शर्ट घालून आलोच. अशा अवतारात खातं कसं मागू?"

एका मतासाठी अध्यक्ष गटारातही उतरले असते, हे तर सिंक होतं. पण दोन हातांना पाणी आवरेना. तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचे चष्मेवाले अध्यक्ष आले.

"बरे आलात! यांना एकट्यांना झेपत नाहीये," म्हणत प्लंबरने त्यांनाही आत सारलं आणि खोली गाठली.

बायको वाटच बघत होती. "कुठलं खातं मागणार?"

"पाणीपुरवठा."

"जन्मभर तेच! शिक्षण मागा."

"नववी नापासाने?"

"मग तर मागाच!"

वाद रंगला. तीन शर्ट बदलून झाले.

इकडे सिंकखाली दोन वैरी पाइपाच्या तोंडावर अंगठे दाबून, गालाला गाल लावून बसले होते.

"अंगठा काढू नका हो!"

"तुम्ही आधी कबूल करा, तुम्ही काढणार नाही."

"दोघांनी धरलं की बघा, थेंब गळत नाही."

"मग त्या प्लंबरची गरज काय?"

मिशीवाले विचारात पडले. "अडीच वर्षं मी, अडीच वर्षं तुम्ही?"

"आधी मी."

"आधी तुम्ही. पण अंगठा!"

प्लंबर कडक शर्टात बाहेर आला तेव्हा पाइपात रुमाल कोंबून दोघे निघाले होते. "आभारी आहोत," मिशीवाले म्हणाले. "आमचं जमलं."

दार लागलं. रुमाल उडाला. प्लंबरने शर्टासकट पाइपावर झेप घेतली.

"गेलं मंत्रिपद!"

बायको बोटांवर काहीतरी मोजत होती. "अहो, ते सगळेच सरकारात. मग विरोधात कोण?"

"मी एकटा."

"म्हणजे विरोधी पक्षनेते तुम्हीच की! गाडी, बंगला, शिपाई, सगळं मिळतं त्यांना."

"अगं, पण रोज उठून भांडावं लागेल. मला कुठे येतं?"

बायकोने बाह्या सरसावल्या.

"मी शिकवते."