भिंगाखालचं युद्ध

शेजारच्या देशाशी तणाव वाढला की मोहाडीच्या आमच्या गल्लीत सगळे मोबाईल काढतात आणि शामरावकाका भिंग काढतात. कोशाच्या रेशमी साड्या विणण्यात त्यांचा जन्म गेला. कापडातले धागे मोजायचं ते भिंग. आता माग बंद आहे, तेव्हा काका त्यातून युद्धाचे व्हिडिओ तपासतात. सीमेच्या दोन्ही बाजूंनी रोज पन्नासेक व्हिडिओ सुटतात, त्यामुळे कामाला तोटा नाही.

पद्धत सोपी. व्हिडिओ थांबवायचा आणि चेहऱ्याकडे पाहायचंच नाही. "मानूस नाटक करते. कपड्याले नाटक येत नाही," हे त्यांचं ठरलेलं.

एकदा आपल्या फौजेनं शत्रूची चौकी उडवल्याचा व्हिडिओ आला. गल्लीत पेढे आले. काकांनी भिंग लावलं. "याची बाही पाहा. कोपर वाकला, पन एक सुरकुती नाही. कापड असं राहते का? मोबाईलच्या खेळातला फौजी आहे हा." पेढे तसेच राहिले. पुढे तिकडच्यांनी आपल्याकडच्या एका शहरातली दंगल म्हणून काहीतरी सोडलं, तेव्हा म्हणाले, "साऱ्या गड्यायच्या शर्टाले बायकांवानी डाव्या बाजूले गुंड्या काहून? दुसराच व्हिडिओ आरशातल्यावानी उलटा करून धाडून राहिले."

आपला असो की त्यांचा, खोटा तो खोटा, हा काकांचा खाक्या. म्हणून गल्लीच्या ग्रुपमधून त्यांना दोनदा काढलं. "तुम्ही तिकडचे आहात का?" असंही कुणीतरी विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "या बाजूच्या वरठी गावाच्या पलीकडं माझं कोनी नाही, बाप्पा." मला त्यांचा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीसाठी. खात्री पटल्याशिवाय हा माणूस खरं म्हणणार नाही की खोटं म्हणणार नाही. आठवडाभर झुलवत ठेवायचा.

मग तो व्हिडिओ आला. तिकडून सुटलेला, आपल्या एका चौकीची राख झाली म्हणे. नाव फौजेत असलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या चौकीचं. त्याचा फोन लागत नव्हता. आईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. काका आपणहून आले, भिंग लावून बसले आणि पाचच मिनिटांत उठले. "वहिनी, खोटा आहे. जेवून घ्या." काकांचा शब्द आमच्याकडे सरकारी शिक्क्याच्या वरचा. आईनं भात कालवला.

तीन दिवसांनी भावाचा फोन आला. सुखरूप होता. मी तसाच काकांकडे धावलो. "काका, त्या व्हिडिओत कोणतं कापड पकडलं तुम्ही?"

काका भिंग पुसत राहिले. "कापड कुठं होतं? सारा धूर. मले काहीच नाही दिसलं."

"मग खोटा कशावरून म्हणालात?"

"वहिनी जेवल्या ना?"

मग काका खाली मान घालून म्हणाले, "खोटा आहे असं म्हनून तर दिलं, पन मंग मलेच घास उतरेना. तीन दिवस नुसता चहा पिऊन राहिलो. खरा निघाला असता तं त्या माउलीले तोंड कसं दाखवलं असतं मी?"