पंचेचाळीस अंशांतले ऊन

इमारतीचा समग्र विचार करायचा असेल तर माणसाने इमारतीपासून लांब राहिले पाहिजे, हे सर्व सुधारलेल्या देशांनी मान्य केलेले सत्य आहे. जो रोज विटा रचतो त्याला फक्त विटा दिसतात. जो घरात राहतो त्याला फक्त गळके छप्पर दिसते. आमच्या नंदुरबारात १९३० सालापर्यंत घरे विटा रचणाऱ्यांनीच बांधलेली होती आणि ती उभीही होती, पण त्याची लाज वाटावी इतके शिक्षण आमच्यापैकी कुणाचे झालेले नव्हते.

ही उणीव शहादे तालुक्यातल्या कळसाडीच्या नथ्थू पाटलांचे चिरंजीव चुडामण यांनी भरून काढली. मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईच्या एका कलाशाळेत (नाव सांगत नाही, इमारत चांगली आहे) आर्किटेक्टच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसले. हा अभ्यासक्रम मी त्यांच्या वह्यांवरून समजून घेतला आहे. माझा त्याविषयीचा आदर वाढतच गेला, म्हणून तो थोडक्यात देतो.

पहिले वर्ष पेन्सिलीला टोक काढणे आणि त्या टोकाने सरळ रेघ मारणे. दुसरे वर्ष ग्रीक आणि रोमन खांब, एकूण पाच जातींचे. त्यांचे बुंधे, कंठ आणि माथे पाठ म्हणता येत नसतील तर तिसऱ्या वर्षात घेत नाहीत. तिसऱ्या वर्षी सावल्या. चौथ्या वर्षी एका नदीकाठच्या राजधानीसाठी दोन हजार माणसांचे स्नानगृह (राजधानी विद्यार्थ्याने कल्पावी, नदी शाळेकडून मिळेल). पाचव्या वर्षी समुद्राकाठी निवृत्त सरदाराचा प्रासाद, त्यात वाद्यवृंदासाठी वेगळा सज्जा. चुडामणरावांनी या काळात एकशे ब्याऐंशी कागद रंगवले, चार टी-स्क्वेअर मोडले आणि एकाही विटेला हात लावला नाही. हा शेवटचा आकडा शाळेच्या शिस्तीची साक्ष देतो.

दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत ते घरी आले, तेव्हा पाटलांच्या घराचे धाबे, म्हणजे वरचे मातीचे सपाट छप्पर, गळत होते. वडिलांनी मुलाला शिडी दाखवली. मुलाने सांगितले की छपराचा विषय अजून सुरू झालेला नाही, सध्या खांबांचे माथे चालू आहेत.

"दोन वरीसमा वर चढना नही का तू?" नथ्थू पाटलांनी विचारले आणि ते स्वतःच माती घेऊन वर गेले. अडाणी बापाच्या प्रश्नाला उत्तर न देण्याइतका संयम चुडामणरावांच्या अंगी तेव्हाच आलेला होता.

आता सावल्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे. नकाशात इमारत उठून दिसावी म्हणून तिच्यावर सावल्या रंगवतात. त्यासाठी ऊन कुठून येते ते आधी ठरवावे लागते. खरा सूर्य दिवसभर जागा बदलत असतो आणि ऋतूप्रमाणे कलतो, त्यामुळे परीक्षकाला गुण देणे अवघड जाते. म्हणून शास्त्राने एक कायमचा सूर्य नेमलेला आहे. तो कागदाच्या डाव्या बाजूला, वर, बरोबर पंचेचाळीस अंशांत असतो. त्याला उगवणे नाही, मावळणे नाही, रजा नाही. भिंत पूर्वेची असो, पश्चिमेची असो की उत्तरेची असो, त्याचे ऊन सगळ्यांवर सारखेच पडते. इतका निःपक्षपाती सूर्य आमच्या जिल्ह्याने याआधी पाहिलेला नव्हता.

सावल्यांच्या परीक्षेत चुडामणराव पहिले आले. त्यांना पितळी कंपासपेटी मिळाली.

डिप्लोमानंतर दोन वर्षे त्यांनी मुंबईच्या एका कचेरीत उमेदवारी केली आणि जिन्यांचे कठडे काढले. व्यवसायाच्या तयारीत यापलीकडे काय काय येते, तेही त्यांनीच मला सांगितले: गोल भिंगांचा चष्मा, बोलताना अर्ध्यात थांबून खिडकीबाहेर पाहणे, आणि "प्रमाण" हा शब्द दर तिसऱ्या वाक्यात येईल अशी जिभेची मशागत. आता उरली होती एकच पायरी. मुंबईच्या व्यवसाय-मंडळाचे सभासद व्हायला उमेदवाराने स्वतः आखलेली एक पुरी झालेली इमारत दाखवावी लागे, आणि ती नकाशाबरहुकूम असून आम्ही संतुष्ट आहोत असा मालकाचा दाखला जोडावा लागे. त्याशिवाय पितळी पाटीवर आर्किटेक्ट लिहिता येत नव्हते.

योगायोग असा की त्याच साली आमच्या मिरची व्यापारी व बागायतदार सभेने स्वतःची इमारत बांधायचे ठरवले. या सभेचा मी चिटणीस. खाली लिलावाचा चौक, वर बैठकीचे दालन, आणि इमारतीला लागून मिरची वाळवायला फरशीचे अंगण, अशी योजना होती. तोवर मिरची गावाबाहेरच्या उघड्या माळावर पसरत. त्या जागेला पथारी म्हणतात. पथारीत चारी बाजूंनी ऊन येते, पण तिला खांब नाहीत. सभेचे अध्यक्ष नवलसिंगबापू यांना हे फार दिवस खटकत होते.

चुडामणरावांनी तीन महिन्यांत नकाशा आणला. तो टेबलावर उलगडला तेव्हा सत्तावीस सभासद एका दमात "वा!" म्हणाले (इतिवृत्तात तशी नोंद आहे). रस्ता दक्षिणेला, म्हणून दर्शनी बाजू दक्षिणेला. सहा रोमन खांब. उंची चाळीस फूट, लांबी एकशे वीस. मागे, उत्तरेला, एकशे वीस बाय चाळीसचे अंगण. मागच्या बाजूचे चित्र तर सगळ्यांत देखणे होते. डावीकडून सोनेरी ऊन उतरत होते, सज्जाच्या तिरप्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या, आणि खाली लालभडक मिरची अशी काही तापली होती की खजिनदारांना शिंक आली.

काम बशीर मिस्त्रीकडे गेले. गावातली निम्मी पक्की घरे त्याच्या हातची. एकतीस वर्षे त्याने ओळंबा धरला होता आणि शिक्षण म्हणाल तर नावाची सही. अशा माणसाच्या हाती नकाशा देताना काळजी वाटणारच. झालेही तसेच. त्याने कागद एकदा पाहिला, जागा एकदा पाहिली, आणि शंका काढली.

"चुडामणभाऊ, हाई अंगन उत्तरले शे," तो म्हणाला. "हिवाळामा अठे ऊन येत नही. इमारत मांगे ल्या, अंगन पुढे ल्या."

"चाचा, खांब रस्त्यावरून दिसायला नकोत का?" चुडामणराव म्हणाले. "आणि ऊन नकाशात दाखवलेलं आहे."

"हां, कागदवर शे. मी दखं."

"मग झालं तर."

बशीरने पागोटे सारखे केले आणि पाया खणायला घेतला. मी तिथेच उभा होतो. मिस्त्रीचे म्हणणे बरोबर आहे असे मला वाटले, पण मला खांबांच्या पाचपैकी एकाही जातीचे नाव येत नव्हते, तेव्हा मी कोण बोलणार?

इमारत सुरेख झाली. एवढ्या उंच भिंतीत रेघेएवढी वाकडी जागा नव्हती. डिसेंबरात पहिली मिरची नव्या अंगणात पसरली आणि सूर्याने आपले काम सुरू केले. तो दक्षिणेकडून आला. पूर्वेच्या कोपऱ्यात सकाळी थोडा वेळ ऊन येई, तिथे रखवालदाराने आपली गोधडी वाळत घातली. बाकीच्या अंगणात भरदुपारी सावली. मिरची पलटणाऱ्या बायांची मुकादम तुळशीबाई तिसऱ्या दिवशी सभेच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"मिरच्यासले बी हिव वाजी ऱ्हायनं, बापू," ती म्हणाली. "दखा तरी येक डाव. सडी जातीन सम्द्या."

बायकांच्या अर्जासाठी सभेकडे नमुना नव्हता, म्हणून तिचे म्हणणे नोंदवता आले नाही. पंधराव्या दिवशी मिरचीवर पांढरी बुरशी आली आणि महिन्याच्या आत तीनशे मण माल काळा पडला. सबंध हंगामाचा माल होता तो.

मी त्या काळात एक आगाऊपणा केला, तो कबूल करून टाकतो. एका दुपारी बारा वाजता मी अंगणापलीकडे सहा फुटांची काठी रोवली आणि तिची सावली मोजली. तीही सहा फूट भरली. म्हणजे आमच्या गावावर डिसेंबरात भरदुपारी सूर्य बरोबर पंचेचाळीस अंशांत असतो. चाळीस फूट इमारत, चाळीस फूट सावली, चाळीस फूट अंगण. शास्त्राचा आकडा तंतोतंत खरा होता, सूर्य तेवढा पाठीमागे उभा होता. हा हिशेब मी एका कागदावर मांडला आणि तो घडी करून खिशात ठेवला.

जानेवारीत चौकशीची बैठक अंगणातच भरली. दहा मिनिटांत सभासदांना थंडी वाजू लागली, तेव्हा नवलसिंगबापूंच्या सूचनेवरून खुर्च्या उचलून सगळे दक्षिणेला, रस्त्यावरच्या उन्हात जाऊन बसले. उन्हाला पाठ देऊन पुढचा विचार सुरू झाला.

प्रश्न सोपा नव्हता. अंगणाची चूक नकाशाची ठरली तर दाखला देता येत नव्हता; मग चुडामणरावांची सात वर्षे पाण्यात आणि ज्यांनी "वा!" म्हटले त्या सत्तावीस जणांचे हसे. चूक बशीरची ठरली तर एका मिस्त्रीचे नाव जाणार होते. मिस्त्रीकडे नावाशिवाय दुसरे काही नसते, त्यामुळे त्याचे फार जाणार नाही, असे एका सभासदांनी मांडले.

बशीरला बोलावले. तो धुतलेला सदरा घालून आला होता.

"मी जसं कागदवर शे तसं बांधं," तो म्हणाला. "भीतले येक बी तडा दखाडा. फूटमा येक बोट फरक दखाडा. पन सूर्य काही मी बांधेल नही." मग तो चुडामणरावांकडे वळला. "भाऊ, तुमीच सांगा. मी पायालेच बोलनू व्हतू का नही?"

एका होकाराचे काम होते. चुडामणराव अर्ध्यात थांबले, खिडकी नव्हती म्हणून त्यांनी रस्त्याकडे पाहिले, आणि ते म्हणाले, "नकाशात ऊन स्पष्ट दाखवलेलं आहे."

हे वाक्य खरे होते. त्यात खोडायला जागा नव्हती. बोलताना त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मला त्यांची कीव आली, बशीरची जास्त आली, आणि माझी स्वतःची किळस आली. इतिवृत्तात यांपैकी कशासाठीही रकाना नाही.

ठराव मीच लिहिला. अक्षर चांगले आहे म्हणून माझ्याकडे ते काम असते:

एक, नकाशा निर्दोष असून त्यात पुरेसे ऊन आहे.

दोन, जागेवर पाहणी करता नकाशातील ऊन आढळले नाही. सबब इमारत नकाशाबरहुकूम झालेली नाही.

तीन, सदर ऊन बांधकामात गहाळ केल्याबद्दल बशीर मिस्त्री यांस सभेच्या कोणत्याही सभासदाने यापुढे काम देऊ नये.

चार, चुडामणराव यांस संतोषाचा दाखला द्यावा. (दुसऱ्या आणि चौथ्या कलमाचे पटत नाही, असे मी बापूंच्या कानात म्हणालो. ते म्हणाले, दाखला वेगळ्या कागदावर लिहा.)

गावातली सगळी पेठ सभेची सभासद आहे, म्हणून तिसऱ्या कलमानंतर बशीरला गावात काम उरले नाही. तो आता रेल्वेच्या कामावर रोजंदारीने फलाटाच्या कडा बसवतो. चुडामणरावांची पितळी पाटी लागली. त्यांच्याकडे शहादे, तळोदे, नवापुराहून कामे येतात आणि ती सगळी चित्रात पाहण्यासारखी असतात. मिरची पुन्हा माळावर गेली. अंगण पानवाल्यांना दिले आहे. विड्याची पाने तिथे आठ-आठ दिवस टवटवीत राहतात आणि पानवाले आर्किटेक्टला दुवा देतात.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सत्तावीस हात वर झाले, अठ्ठाविसावा माझा. काठीच्या सावलीचा कागद तेव्हा माझ्या खिशातच होता. इथवर वाचून आपण मनात म्हणाला असाल की या चिटणिसाने तरी उभे राहून बोलायला हवे होते. अगदी रास्त आहे. घरी पाठ टेकून वाचताना ज्याला एवढे सगळे कळते, असाच माणूस सभेला हवा असतो. आमचे सत्तावीसच्या सत्तावीस सभासद घरी तसेच आहेत. माझी मुदत या महिन्यात संपते आहे आणि माझ्या जागी मी आपले, म्हणजे वाचणाऱ्याचेच, नाव सुचवले आहे. काम अवघड नाही, अक्षर मात्र चांगले लागते. आपली हरकत असल्यास ती भर सभेत उभे राहून सांगावी. तशी नोंद करायला इतिवृत्तात एक पान राखून ठेवलेले असते. माझ्या अकरा वर्षांत ते कोरेच राहिले.